सीनियर इयरच्या (बारावीच्या) आधी मुलांना घेऊन कॉलेजं बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही चौदा कॉलेजं पाहिली, धाकट्याच्या वेळी सहा. मधल्या आठांचं पेट्रोल कसं वाचलं ते पुढे येईलच. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत आणि मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे उदाहरणं बरीचशी इकडचीच आहेत.

१. कॉलेज बघायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्या वेळी असं काही नव्हतंच.

आमच्याही वेळी नव्हतं. गुणवत्ता यादी लागली की ती वाचायला कॉलेजात पहिल्यांदा पाय ठेवायचा आणि नाव असलं तर फी भरून मोकळं व्हायचं. इथे अर्ज करण्याआधीच पोरं कॉलेज बघून येतात.

साधारण दोन भाग असतात. आधी पाऊण ते एक तासाचं इन्फो सेशन, म्हणजे ॲडमिशन ऑफिसातलं कुणीतरी स्लाइड दाखवत बोलतं. मग तासाभराची पायी टूर. ती तिथलाच एखादा विद्यार्थी देतो, तुमच्याकडे तोंड करून, उलटा चालत. लायब्ररी, एखादा वर्ग, जिम, डायनिंग हॉल आणि कुठे कुठे नमुन्याची डॉर्म म्हणजे होस्टेलची खोली दाखवतात. त्या खोलीत कधीही ओला टॉवेल दिसत नाही.

हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे असं समजा. दोन्ही बाजू इस्त्रीच्या कपड्यांत. खरं घर पोहे संपल्यावर कळतं, त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. कधी जावं? स्प्रिंग ब्रेकला की उन्हाळ्यात?

जमलं तर ज्युनियर म्हणजे अकरावीच्या वर्षातल्या स्प्रिंग ब्रेकला. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजं चालू असतात आणि मुलांच्या एपी परीक्षा (हायस्कूलमध्येच देतात त्या कॉलेजच्या पातळीच्या) मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे अजून थोड्या लांब असतात. प्रेसिडेंट्स डेच्या आसपासचे दिवसही चालतात, पण फेब्रुवारीत वर न्यू यॉर्क राज्यात किंवा न्यू इंग्लंडमध्ये गेलात तर पोरं कॉलेजबद्दल कमी आणि थंडीबद्दल जास्त बोलतात. तेही एका अर्थी उपयोगीच आहे म्हणा.

सीनियर इयर सुरू झाल्यावर जाऊ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कॉमन ॲप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) १ ऑगस्टला उघडतं आणि अर्ली म्हणजे लवकर करायच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळा, निबंध आणि शिफारसपत्रांची पळापळ चालू असताना शनिवार-रविवार गाडीत घालवायचे म्हणजे घरात भांडणं. त्या दिवसांत एखादं कॉलेज दुसऱ्यांदा बघायचं असेल तर जा, पहिली फेरी तेव्हा नको.

मे महिन्यात मात्र कॉलेजचं कॅलेंडर बघितल्याशिवाय हॉटेल बुक करू नका. पदवीदान त्याच सुमारास असतं आणि कॉलेजगावातल्या साध्या मोटेलचा दरही तेव्हा ऐकवत नाही.

३. आम्हाला फक्त उन्हाळ्यातच जमतंय. रिकाम्या कॅम्पसवर बघायचं काय?

इमारती, झाडं, गाव, अंतरं आणि चढ. हे उन्हाळ्यात बदलत नाही. कळत नाही ते तिथल्या मुलांचं वागणं.

पण सगळेच कॅम्पस रिकामे नसतात. क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सेमिस्टरऐवजी वर्षाचे आणखी छोटे तुकडे पाडणारी कॉलेजं जूनच्या मध्यापर्यंत चालतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन हे कॅम्पस क्वार्टरवर आहेत, बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर. म्हणजे तुमच्या शाळेला मेच्या शेवटी सुट्टी लागत असेल, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात यूसीएलए गजबजलेलं दिसेल आणि बर्कली सामसूम. डार्टमथची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे दुसरं वर्ष संपवलेल्या मुलांनी तो उन्हाळा कॅम्पसवरच शिकत काढायचा असा नियम आहे, त्यामुळे जुलैतही तिथे जाग असते.

ऑगस्टचा शेवटचा आठवडाही लक्षात ठेवा. न्यू जर्सीतल्या आमच्या शाळा सप्टेंबरात उघडतात, पण बरीच कॉलेजं त्याआधीच सुरू झालेली असतात. आमचं सर्वांत उपयोगी दर्शन त्याच आठवड्यातलं.

४. एका ट्रिपमध्ये किती कॉलेजं बसवता येतात?

दिवसाला दोन, तीही एकाच शहरात असली तर. एरवी एक. पहिल्या वेळी माझ्या नवऱ्याने चार दिवसांत आठ कॉलेजं असा आराखडा काढला होता, अष्टविनायकाची बसच जणू. पाचव्या कॉलेजात मुलीने विचारलं, "ते तळं असलेलं कालचं होतं की परवाचं?" आम्हा दोघांनाही सांगता येईना. उरलेली तीन आम्ही फक्त हजेरी लावल्यासारखी उरकली.

तेव्हा गाडीत परत बसल्या बसल्या, सीटबेल्ट लावायच्या आत, मुलांना फोनमध्ये तीन ओळी टाइप करायला सांगा: काय आवडलं, काय खटकलं, कोणाशी बोललो. तुमचं मत त्या तीन ओळी होईपर्यंत पोटात ठेवा.

५. सुरुवात हार्वर्ड-प्रिन्स्टनपासूनच करू का? निदान प्रेरणा मिळेल.

नका करू. पहिलीच फेरी तिथे झाली की पुढचं प्रत्येक कॉलेज त्या दगडी कमानींशी तोललं जातं. आणि जिथे शंभरातल्या पाचजणांच्या आसपासच मुलं घेतली जातात, तिथल्या हिरवळीवर मुलाला आधीच प्रेमात पाडून काय मिळवायचं?

घराजवळचं एक मोठं सरकारी विद्यापीठ, एक शहरातलं आणि एक लहान गावातलं लहान कॉलेज, अशी तीन आधी दाखवा. त्यात अर्ज करायचाच असं नाही. आमच्याकडून रटगर्स हे सरकारी विद्यापीठ चाळीस मिनिटांवर. तिथे कळलं की कॅम्पस रॅरिटन नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला आहे आणि एका वर्गाहून दुसऱ्या वर्गाला जायला बस पकडावी लागते. धाकट्याला ते भारी वाटलं, मोठीला मुळीच नाही. फिलाडेल्फियात पेन (युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया) आणि ड्रेक्सेल शेजारी शेजारी आहेत. ड्रेक्सेलमध्ये को-ऑप असतं, म्हणजे सहा-सहा महिने पगारी नोकरी आणि मग पुन्हा वर्ग. बॉस्टनमध्ये नॉर्थईस्टर्नचंही तसंच. मोठं की लहान, शहर की गाव, हे ठरलं की यादी आपोआप गळते. आमची मधली आठ कॉलेजं अशीच गळाली.

प्रिन्स्टन जवळ आहे म्हणून एकदा बघायचंच असेल तर शेवटी ठेवा. प्रिन्स्टन जंक्शनहून पाच मिनिटांची इवलीशी गाडी, डिंकी, थेट कॅम्पसपाशी नेते. फिट्झरँडॉल्फ गेटमधून पदवीआधी बाहेर पडलं तर पदवीच मिळत नाही असं तिथली मुलं मानतात. आपल्याकडे परीक्षेला जाताना दही-साखर, त्यांच्याकडे हे. आजी बरोबर असेल तर तिला हे सांगा, कॉलेज तिला लगेच आपलंसं वाटेल.

६. आधी नाव नोंदवावं लागतं का? शाळेची रजा मिळते का?

नाव नोंदवा. कॉलेजच्या ॲडमिशनच्या पानावर ‘व्हिजिट’ असं असतं, तिथे तारीख निवडायची. बहुतेक ठिकाणी टूर फुकट असते, पार्किंग मात्र नसतं. स्प्रिंग ब्रेकच्या जागा पाच-सहा आठवडे आधी भरतात. नोंदणी मुलाच्या नावाने आणि ज्या ईमेलवरून पुढे अर्ज करणार त्याच ईमेलने करा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

रजेचं म्हणाल तर अनेक हायस्कूल वर्षात काही ठरावीक दिवस कॉलेजभेटीसाठी माफ करतात. आधी गायडन्स ऑफिसातून फॉर्म आणि नंतर कॉलेजकडून आल्याचा कागद लागतो. आमच्या शाळेत तो कागद मी दोनदा विसरले, दोन गैरहजेऱ्या पडल्या आणि त्या काढायला चार फोन करावे लागले.

७. गेलो नाही तर ॲडमिशनवर परिणाम होतो का?

काही ठिकाणी होतो, काही ठिकाणी अजिबात नाही, आणि हे शोधून काढता येतं. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची फाइल प्रसिद्ध करतात. तिच्यात सी-७ हा तक्ता उघडा. अर्जदाराने दाखवलेली आस्था किती धरली जाते, ते तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं: फार महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतो किंवा घेत नाही. एमआयटी (केंब्रिजची, आपल्या कोथरूडची नव्हे), स्टॅनफर्ड आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ती धरत नाहीत. मधल्या आकाराची बरीच खाजगी कॉलेजं धरतात.

धरत असतील तरी प्रत्यक्ष जाणं हा एकच मार्ग नाही. ऑनलाइन सेशन, शाळेत आलेल्या प्रतिनिधीशी बोलणं, त्यांचे ईमेल उघडून वाचणं, हेही मोजलं जातं. तीन तासांवर राहून कधीच फिरकला नाहीत तर मात्र ते डोळ्यांवर येऊ शकतं.

८. टूरमध्ये आई-बाबांनी प्रश्न विचारले तर चालतं का?

चालतं. मुलाला चालेल असं नाही.

एका कॉलेजात आमच्या पुढच्या रांगेतल्या काकांनी पहिलाच प्रश्न टाकला: "ॲव्हरेज पॅकेज किती?" मुलाने टोपी नाकापर्यंत ओढली आणि टूरभर त्यांच्यापासून वीस फूट मागे चालला. प्रश्न चुकीचा नव्हता, तो करिअर सेंटरच्या वेबसाइटवर होता. घरात असा करार करा: टूरवर प्रश्न मुलाचे, पैशांचे आणि सुरक्षिततेचे तुमचे, तेही टूर संपल्यावर ऑफिसात.

गाइड हा एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी असतो. त्याला आकडे विचारून उपयोग नाही. "गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंस?" असं विचारलं तर तो खरं सांगतो. "इथे काय बदलावंसं वाटतं?" याला जो तीन सेकंद थांबून उत्तर देतो, तो गाइड चांगला.

आणि ज्याला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय, पण अर्जात दुसरा विषय लिहून नंतर बदलायचा बेत आहे, त्याने ॲडमिशन ऑफिसात थेट विचारावं की बदलता येतं का. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन किंवा इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनसारख्या ठिकाणी नंतर आत शिरणं फार अवघड आहे. "आत गेल्यावर बघू" हा आपला लाडका मार्ग तिथे बंद आहे.

९. टूर संपल्यावर काय करायचं?

इथेच खरी भेट सुरू होते, आणि इथेच लोक गाडीकडे निघतात. निदान दीड तास ठेवा. मुलाला एकट्याला सोडा, तुम्ही कॉफी प्या.

एका पावसाळी दुपारी आमची मुलगी अशीच एकटी गेली आणि बराच वेळ आली नाही. शोधत गेलो तर फिजिक्सच्या इमारतीच्या तळघरात, एका नोटिसबोर्डसमोर उभी. बोर्डावर एकावर एक टोचलेले कागद: कुणाला लॅबमध्ये मदतनीस हवा, कुणाची सायकल विकायची, कुणी रात्री अकराला गणितं सोडवायला बसतंय, ‘ये, चहा आहे’. खालच्या फोन नंबरांच्या पट्ट्या अर्ध्या फाडून नेलेल्या. दारावरच्या फळ्यावर कुणीतरी गणित अर्धवट सोडलेलं आणि खाली दुसऱ्या अक्षरात ‘चिन्ह चुकलंय’. ती म्हणाली, "इथे लोक एकमेकांशी बोलतात." ब्रोशरमध्ये हे कुठेच नव्हतं.

तर असं बघा: विभागाचे नोटिसबोर्ड, लायब्ररीचा सर्वांत खालचा मजला, प्रोफेसरांच्या दारावरच्या भेटीच्या वेळा, बसस्टॉपवरची गर्दी. वर्गात बसायची सोय असली तर बसा, पण ती आधी मागावी लागते. वर्गांचे खरे आकार प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या फाइलच्या ‘आय’ भागात मिळतात. गाइड सांगतो ती सरासरी असते, आणि पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीला त्या सरासरीचं काही घेणंदेणं नसतं.

१०. पोरगा यायलाच तयार नाही. म्हणतो, सगळी सारखीच असतात.

त्याला भीती वाटत असण्याची शक्यता बरीच आहे. घर सोडायची तारीख दिसू लागलेली असते. एका कॉलेजावर सौदा करा, तेही त्याच्या एखाद्या मित्राबरोबर. मित्राच्या गाडीत मागे बसून गेलेला मुलगा आई-बाबांबरोबर गेलेल्यापेक्षा दुप्पट बघून येतो. नाहीच आला तर सोडून द्या. न बघता अर्ज करून, निवड झाल्यावर एप्रिलमध्ये बघायचं, हाही रीतसर मार्ग आहे (प्रश्न १४).

११. पैशांचं कधी बोलायचं? आधीच बोलून मुलाचा हिरमोड करायचा का?

गाडीत बसायच्या आधी. प्रेमात पडल्यावर "परवडत नाही" हे ऐकणं सतराव्या वर्षी फार लागतं.

अनेक खाजगी कॉलेजांचा राहण्या-खाण्यासकट वर्षाचा आकडा आता ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. पण छापील दर आणि तुम्हाला पडणारा दर वेगळा असतो. २०११ पासून कॉलेजांना वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवणं बंधनकारक आहे. टॅक्सचे कागद घेऊन अर्धा तास बसा आणि यादीतल्या प्रत्येक कॉलेजाचा आकडा काढा. दोघांचे आयटीतले पगार असतील तर गरजेवरची मदत बहुधा मिळणार नाही. मग गुणांवरची शिष्यवृत्ती कोण देतं ते बघायचं. बडी नावाजलेली कॉलेजं ती सहसा देतच नाहीत.

एकजणींनी विचारलं होतं की टूरचा प्रवासखर्च ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून काढता येईल का. नाही येत.

१२. आम्ही एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत. आमच्यासाठी काय वेगळं?

टूरसाठी काही नाही, पुढच्यासाठी पुष्कळ. फाफ्सा या सरकारी अर्जाद्वारे मिळणारी केंद्र सरकारची मदत एच-४ वरच्या मुलांना मिळत नाही. इन-स्टेट म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी मिळते का, हे राज्याराज्यावर आहे. बरीच खाजगी कॉलेजं ग्रीन कार्ड नसलेल्या मुलाला आंतरराष्ट्रीय अर्जदारांत धरतात, मग तो पहिलीपासून इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या शाळेत शिकलेला का असेना. आंतरराष्ट्रीय मुलांचीही ऐपत न बघता निवड करणारी आणि मदत पुरवणारी कॉलेजं मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही त्यांत येतात.

म्हणून प्रत्येक ठिकाणी ऑफिसात विचारा: "आमच्या मुलाचा अर्ज कोणत्या गटात वाचला जाईल?" उत्तर ईमेलवर मागा. २१ व्या वर्षी एच-४ संपतो आणि बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, म्हणजे कॉलेजच्या मध्यावर. त्यासाठी वकील लागतो, टूर गाइड नाही.

१३. जेवणाचं काय? शाकाहारी मुलीचं निभेल का?

निभतं. डायनिंग हॉलमध्ये पाहुण्यांना पैसे भरून जेवता येतं, तिथे एकदा जेवाच. सॅलड आणि पिझ्झा सोडून शिजवलेलं गरम शाकाहारी काय आहे आणि रात्री नऊनंतर काय उघडं असतं, ते बघा. बाकी वेळी आम्ही पार्किंग गॅरेजच्या तिसऱ्या मजल्यावर, गाडीच्या डिकीवर डबा मांडून पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली आहे. मुलगी आधी लाजली, मग तिनेच ठेचा मागितला.

१४. इतक्या लांबची कॉलेजं बघायला जाणं परवडत नाही. मग?

निवड झाल्यावर जा. मार्चअखेर निकाल लागतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. एप्रिलमध्ये निवडलेल्या मुलांसाठी खास दिवस असतात, आणि तेव्हा फक्त हातात आलेली दोन-तीन कॉलेजंच बघायची असतात. ज्यांची मिळकत कमी आहे त्यांच्यासाठी काही कॉलेजं विमानाचं तिकीट देऊन बोलावतात. त्याचे अर्ज सीनियर इयरच्या आधीच्या उन्हाळ्यात निघतात.

याला अपवाद एकच: अर्ली डिसिजन. तो बांधून घेणारा अर्ज आहे आणि त्यावर मूल, पालक आणि शाळेचे काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात. निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत अपुरी पडली तर सुटका होऊ शकते, पण त्या भरवशावर सही करू नये. न बघितलेल्या कॉलेजाला अर्ली डिसिजन करू नका, शक्य असेल तर दोनदा बघा.

१५. आजी-आजोबा आलेत. त्यांनाही न्यावं का?

गावात न्या, टूरवर नको. तासभर भरभर चालणं आणि चढ असतो. आमच्या सासूबाईंना हार्वर्डच्या अंगणात पुतळ्यापाशी बसवलं होतं. तिथल्या पाटीवर ‘जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८’ असं आहे आणि तिन्ही गोष्टी खोट्या. चेहरा दुसऱ्याचा, हार्वर्ड हे संस्थापक नव्हते आणि स्थापना १६३६ ची. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या गावच्या शाळेचंही असंच होतं."

१६. मुलगी तिथे सुरक्षित राहील का, हे कसं कळणार?

गाइड निळ्या दिव्यांचे आणीबाणीचे खांब दाखवतोच. त्याहून उपयोगी म्हणजे १९९० च्या क्लेरी कायद्याखालचा अहवाल. १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्याच डॉर्ममध्ये खून झाला, त्यानंतर तिच्या आईवडिलांनी लढून हा कायदा आणला. कॉलेजांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. ते वाचा, पण एक लक्षात घ्या: शून्य लिहिलेलं कॉलेज सुरक्षितच असतं असं नाही, तिथे तक्रारच नोंदवली जात नसेल. शक्य असेल तर एकदा अंधार पडल्यावर लायब्ररी ते डॉर्म मुलीबरोबर चालून बघा.

१७. कॉलेजात गेल्यावर मार्क आम्हाला कळतील ना?

टूरच्या विषयात हा प्रश्न बसत नाही, पण इन्फो सेशनमध्ये कुणीतरी विचारतंच. नाही कळत. १९७४ च्या फेर्पा कायद्याने ते हक्क मुलाचे. त्याने लेखी परवानगी दिली तरच किंवा तुमच्या टॅक्समध्ये तो अवलंबित असेल आणि कॉलेजला द्यावंसं वाटलं तरच. फी मात्र तुम्हीच भरायची.

१८. तिला आवडलं, आम्हाला नाही. आता?

कशामुळे नाही, ते कागदावर लिहा. अंतर, पैसे, विषय यांपैकी काही असेल तर बोला. "जरा कसंतरीच वाटलं" असेल, तर ज्या दिवशी गेलात त्या दिवशी पाऊस होता का ते आठवा.

१९. पुण्यातला भाचा इथे अर्ज करणार आहे. त्याने टूरला यावं का?

मुद्दाम नको. परदेशातल्या मुलाने येऊन बघावं अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही, ऑनलाइन सेशन पुरतं. तुमच्याकडे सुट्टीला आलाच असेल तर जवळचं एक दाखवून आणा. आणि त्याला पोहायला शिकून ठेवायला सांगा. कॉर्नेल आणि एमआयटीत पोहण्याची परीक्षा असते, आणि पहिल्या आठवड्यात तलावाच्या काठावर उभं राहून "येत नाही" म्हणणाऱ्यांत आपली पोरं बरीच असतात.